आधी रॉड, मग अँपियर, मग मशीन

इंदूरच्या सियागंजातल्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानात तासभर उभं राहिलं, तर वेल्डिंगचं मशीन कसं विकत घेतलं जातं ते कळतं. नवीन शेड टाकणारा कुणी येतो आणि विचारतो, "भैया, दो सौ वाली कितने की? और ढाई सौ?" म्हणजे दोनशे आणि अडीचशे अँपियरची. दुकानदार दोन मशीनं काउंटरवर ठेवतो, भाव ठरतो, आणि निघता निघता एक रॉडचं, म्हणजे वितळून जोड भरणाऱ्या मसाला चढवलेल्या तारांचं, पाकीट पिशवीत पडतं. ते कोणतं, हे बहुतेक वेळा दुकानदारच ठरवतो. मला हा क्रम उलटा वाटतो. काय जोडायचंय त्यावरून रॉड ठरतो, रॉडवरून अँपियर, अँपियरवरून मशीन आणि मशीनवरून केबल. या क्रमाने गेलात तर खर्च बऱ्याचदा कमी होतो, आणि हात चांगला असूनही जोड का सुटतो याचं उत्तरही याच वाटेवर सापडतं.

इंदूरच्या सांवेर रोडवर, पालद्याला किंवा गावाबाहेरच्या रस्त्यांवर जी छोटी फॅब्रिकेशनची दुकानं आहेत, त्यांचं काम साधारण तीन प्रकारचं असतं. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे हे पातळ काम. शेडचे खांब, कैच्या, टाक्यांचे स्टँड हे मध्यम ते जाड काम. आणि माळव्यात राहायचं म्हटलं की ट्रॅक्टर, ट्रॉली, कल्टिव्हेटर यांची दुरुस्ती आलीच. या तिन्ही कामांना एकच रॉड चालत नाही. तरी बऱ्याच दुकानांत सगळं ६०१३ या एकाच जातीच्या रॉडवर चालतं.

मसाल्यात काय असतं

रॉडच्या आतली तार बहुतेक वेळा साधं, कमी कार्बनचं लोखंड असते. आपण पैसे मोजतो ते बाहेरच्या मसाल्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रशियात स्लाव्यानोव्हने नुसत्या तारेने वेल्डिंग करून दाखवलं होतं, पण उघड्या तारेचा जोड हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होई. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्गने तारेवर मसाल्याचा थर चढवायला सुरुवात केली, त्याचं पेटंट १९०७च्या सुमाराचं. ईसाब ही कंपनी त्यानेच १९०४मध्ये काढली. आज आपण जे वापरतो तो त्याच कल्पनेचा विस्तार आहे.

मसाला जळताना वायू सोडतो, आणि तो वायू वितळलेल्या लोखंडाभोवती पडदा धरतो. वितळलेला मसाला वर तरंगतो, स्लॅग होऊन थिजतो आणि जोड निवेपर्यंत त्याला झाकून ठेवतो. त्यातलं मँगनीज आणि सिलिकॉन गंजाचा ऑक्सिजन ओढून घेतं. चौथं काम फारसं कुणी सांगत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एसीवर (दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर) आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामधली विजेची ज्योत, सेकंदाला १०० वेळा विझायला येतो. ६०१३च्या मसाल्यात पोटॅशियमची संयुगं असतात, ती हवेला वीजवाहक ठेवतात म्हणून आर्क पुन्हा पेटतो. साध्या एसी ट्रान्सफॉर्मरवर (जुन्या धाटणीच्या जड मशीनवर) हा रॉड गुपचूप चालतो आणि दुसरे काही रॉड चिडचिड करतात, त्याचं कारण हे.

डब्यावरचा आकडा वाचायला सोपा आहे. पहिले दोन अंक जोडाच्या ताकदीचे. ६० म्हणजे दर चौरस इंचाला किमान ६०,००० पौंड ताण, ७० म्हणजे ७०,०००. आपल्या मापात ७० म्हणजे साधारण ४९० मेगापास्कल. तिसरा अंक १ असेल तर रॉड सगळ्या बाजूंनी चालतो, २ असेल तर तो फक्त सपाट आणि आडव्या कोपऱ्याच्या जोडाला. शेवटचा अंक मसाल्याची जात आणि करंट सांगतो. भारतीय डब्यांवर आयएस ८१४ या भारतीय मानकाप्रमाणे दुसरा एक लांबलचक कोडही छापलेला असतो, पण दुकानात बोलतात ते ६०१३ आणि ७०१८ असंच.

६०१३ हा रुटाइल (टायटॅनियमचं एक खनिज) मसाल्याचा रॉड. चटकन पेटतो, कमी उडतो, स्लॅग सहज निघतो, जोड दिसायला गुळगुळीत. पण तो खोल जात नाही. गेट, ग्रिल, २-३ मिलिमीटरचे पाइप, हलका अँगल यांना हाच रॉड घ्यावा, महाग रॉड वापरून तिथे काही मिळत नाही.

७०१८ हा बेसिक मसाल्याचा, कमी हायड्रोजनचा रॉड. मसाल्यात लोखंडाची पूड असल्यामुळे जोड भरीव होतो, लवचीक राहतो, झटके सोसतो. ट्रॉलीचा हूक, एक्सलचे ब्रॅकेट, खांबाच्या बुडाची प्लेट, १० मिलिमीटरच्या वरचं काहीही आणि ज्यावर माणसं उभी राहणार आहेत ते सगळं काम याचं. हा डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर), रॉड प्लसला लावून, उत्तम चालतो. एसीवर चालवायचा तर मशीनचं रिकामं (आर्क पेटलेला नसतानाचं) व्होल्टेज ७० किंवा त्याहून जास्त हवं, नाहीतर दर दोन मिनिटांनी चिकटतो आणि मग वेल्डर रॉडलाच नावं ठेवतो.

६०१० हा पाइपलाइनवाल्यांचा रॉड. खोल जातो, खालच्या दिशेने पळवता येतो, पण साध्या छोट्या इन्व्हर्टरवर (हलक्या इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीनवर) बहुधा टिकत नाही. गेटवाल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

सादळलेला रॉड

जूनच्या शेवटी पाऊस लागला की इंदूरमध्ये पापड सादळतात, आणि उघड्या पाकिटातले रॉडही सादळतात. ६०१३ सादळला तर फार मोठं संकट नाही. आर्क तडतडतो, जोडात बारीक भोकं पडतात, एवढं डोळ्यांना दिसतं तरी. १०० ते ११० अंश सेल्सिअसवर तासभर तापवला की तो पुन्हा ठीक होतो. त्याला फार भाजायचंही नाही, कारण रुटाइल मसाल्याला थोडी ओल लागतेच.

७०१८चं प्रकरण वेगळं आहे, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. मसाल्यात शिरलेलं पाणी आर्कच्या उष्णतेत फुटतं आणि हायड्रोजन वितळलेल्या लोखंडात विरघळतो. जोड निवला की हा हायड्रोजन कडेच्या तापून कडक झालेल्या पट्ट्यात सरकतो. तिथे तीन गोष्टी एकत्र आल्या की तडा जातो: हायड्रोजन, कडक झालेलं पोलाद आणि आखडण्याचा ताण. हा तडा लगेच जात नाही. जोड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही जातो. संध्याकाळी ट्रॉली शाबूत गेलेली असते आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक फोन करतं. म्हणूनच मोठ्या कारखान्यांत जाड कामाची तपासणी वेल्डिंगनंतर ४८ तास थांबून करतात. शिवाय हा तडा बहुतेक वेळा पृष्ठभागाखाली, जोडाच्या कडेला असतो, त्यामुळे वरून जोड कितीही देखणा असला तरी त्यावरून काही ठरत नाही.

७०१८ कमी हायड्रोजनचा असतो तो फक्त कोरडा असेपर्यंत. उघडलेलं पाकीट आठवडाभर रॅकवर पडलं असेल तर तो नावापुरता ७०१८ उरतो. नियम असा की रॉड ३०० ते ३५० अंशांवर एक ते दोन तास भाजायचे, मग १०० ते १५० अंशांच्या पेटीत ठेवायचे आणि हाताशी एका वेळी थोडेच घ्यायचे. अमेरिकन बांधकाम वेल्डिंगच्या नियमावलीत साध्या ७०१८ला पेटीबाहेर चार तासांची मुदत आहे. आपल्या पावसाळ्यात ती चार तासांची मुदतही मला सैलच वाटते.

छोट्या दुकानात ३५० अंशांची भट्टी कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. विजेवर चालणारी रॉड ठेवायची छोटी पेटी मिळते, पण ती बहुधा रॉड कोरडे ठेवायच्या कामाची असते, पुन्हा भाजायच्या नव्हे. विकत घेताना कमाल तापमान विचारून घ्या. ते जमत नसेल तर एक किलोची, हवाबंद पॅकिंगची पाकिटं घ्या, एका दिवसात संपतील एवढीच फोडा, आणि उरलेले रॉड दुसऱ्या दिवशी गेटच्या कामाला वापरून टाका. रॉड लोखंडाला टेकवून, शॉर्ट करून लाल होईपर्यंत तापवायची जी युक्ती सगळीकडे दिसते तिने मसाला तडकतो. घरच्या तव्यावर शेकण्याचंही तेच. एका बाजूला करपतो, दुसरीकडे ओलाच राहतो, आणि तवाही वाया जातो.

किती अँपियर

मापं आपल्याकडे नंबराने बोलतात. १२ नंबर म्हणजे २.५ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.१५ आणि ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अंदाज घ्यायला दर मिलिमीटरला सुमारे ३५ ते ४० अँपियर धरा. १२ नंबरला ६० ते ९०, १० नंबरला ९० ते १३०, ८ नंबरला १४० ते १८०. डब्यावर कंपनी आपला आकडा छापतेच, तो आधी पाहा. उभ्या जोडाला सपाटपेक्षा १०-१५ टक्के कमी.

छोट्या दुकानाचं ९० टक्के काम १२ आणि १० नंबरवर भागतं असं मी धरतो. म्हणजे लागतात जास्तीत जास्त १३० अँपियर. मग दोनशे-अडीचशेच्या आकड्यामागे कशाला धावायचं? खोक्यावरचा मोठा आकडा बऱ्याचदा खरेपणाने तेवढा नसतोही.

मशीनवर छापलेला आकडा आणि भिंतीतली वीज

हे गणित कागदावर करून बघण्यासारखं आहे. रॉड वेल्डिंगमध्ये आर्कचं व्होल्टेज अंदाजे २० अधिक अँपियरच्या ०.०४ पट असतं, मशीनं याच सूत्रावर तपासली जातात. २०० अँपियरला ते २८ व्होल्ट येतं. २०० गुणिले २८ म्हणजे ५.६ किलोवॉट बाहेर. मशीन ८० टक्के कार्यक्षम धरलं तर आत ७ किलोवॉट हवेत. साध्या सिंगल फेज इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, ०.७च्या आसपास असतो, म्हणजे लाइनमधून ओढायचे १० केव्हीए (व्होल्ट गुणिले अँपियर, हजारांत), म्हणजे २३० व्होल्टवर ४३ अँपियर. आता त्या मशीनची पिन बघा. १५ अँपियरची पिन लावून दिलेलं मशीन तुम्हाला २०० अँपियर सतत कुठून देणार? उलट गणित केलं तर १५ अँपियरच्या सॉकेटमधून निवांतपणे ८०च्या आसपास वेल्डिंग अँपियर निघतात. थोडा वेळ १०० अँपियरच्या वर ओढता येतं, कारण एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) लगेच पडत नाही. पण सॉकेट तापतं, पिना काळ्या पडतात आणि एके दिवशी प्लास्टिक वितळतं. १० नंबरचा रॉड रोज चालवायचा असेल तर ३२ अँपियरचं औद्योगिक सॉकेट आणि त्याला शोभेल अशी वायर टाकून घ्या. मशीन महाग घेण्याआधी हा खर्च करावा.

दुसरा आकडा ड्यूटी सायकलचा. दहा मिनिटांपैकी किती मिनिटं मशीन तो करंट देऊ शकतं, हे त्यावरून कळतं, आणि ते ४० अंश तापमानाला मोजलेलं असतं. चांगल्या मशीनवर '२०० अँपियर, ६० टक्के' लिहिलेलं असेल तर सतत चालवायला ते १५५ अँपियरचं मशीन समजा (२०० गुणिले ०.६चं वर्गमूळ). '२०० अँपियर, २० टक्के' असेल तर सततचे फक्त ८९ अँपियर. दोन्ही खोक्यांवर मोठ्या अक्षरात २००च छापलेलं असतं. पाटीवर ड्यूटी सायकल लिहिलेलीच नसेल तर ते मशीन मी घेणार नाही, कितीही स्वस्त असलं तरी. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की हा आकडा आणखी घसरतो. दुपारी मशीन कट होतं ते बहुधा यामुळे. बिघाड नाही तो, ते स्वतःला वाचवत असतं. रॉडचं काम मात्र थांबत थांबतच होतं. १० नंबरचा रॉड साधारण मिनिटभरात संपतो, मग स्लॅग काढा, ब्रश मारा, नवा रॉड लावा. म्हणून हातकामाला १३० अँपियर ६० टक्क्यांवर देणारं मशीन भरपूर झालं.

ट्रान्सफॉर्मर की इन्व्हर्टर, यावर चहाच्या टपरीवर भांडणं होतात. जुना तांब्याचा ट्रान्सफॉर्मर धुळीत, उन्हात, धक्के खात वीस वर्षं चालतो, आणि बिघडला तर दुरुस्त करणारा सापडतो. पण तो जड असतो, दोन फेज मागतो, रिकामा असतानाही वीज खातो आणि फक्त एसी देतो. इन्व्हर्टर खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर जाता येतं, डीसी मिळतो, ७०१८ आणि पातळ पाइप दोन्ही सुखाने चालतात. त्याचा खरा शत्रू ग्राइंडरची धूळ. लोखंडाची ती पूड पंख्यातून आत जाऊन सर्किटवर बसते आणि मशीन धडकन जातं. ग्राइंडर मशीनच्या तोंडासमोर चालवू नका, आणि प्लग काढून, थोडं थांबून, महिन्यातून एकदा कमी दाबाच्या कोरड्या हवेने आत फुंकर मारा. नवीन दुकानाला मी इन्व्हर्टरच सुचवीन. ज्याच्याकडे चालू ट्रान्सफॉर्मर आहे त्याने तो विकू नये, जाड सपाट कामाला ठेवावा.

जनरेटरवर काम असेल तर १२० अँपियरसाठी सुमारे ५.३ केव्हीए लागतात, म्हणून ७.५ केव्हीएचा जनरेटर घ्या. ५ केव्हीएवर गुरगुरत चालेल, पण व्होल्टेजचे हेलकावे इन्व्हर्टरला मानवत नाहीत.

केबलवर लोक पैसे वाचवतात. २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, २० मीटर जायची आणि २० मीटर परतीची, १२० अँपियरवर जवळपास ३.४ व्होल्ट खाते, म्हणजे ४०० वॉट नुसते केबल तापवण्यात जातात. त्याच जाडीच्या ॲल्युमिनियमच्या केबलमध्ये दीडपटीहून जास्त. आर्कच २५ व्होल्टचा असताना ही गळती लहान नाही. आणि अर्थचा क्लॅम्प? तो कामाच्या तुकड्यावरच, रंग आणि गंज घासून लावा. शेडच्या अँगलला तार गुंडाळून भागवू नका. ट्रॉली किंवा ट्रॅक्टरवर काम करताना क्लॅम्प जोडाच्या जवळ, एक्सलच्या त्याच बाजूला हवा. नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो, गोळ्यांवर डाग पाडतो आणि बेअरिंग महिन्याभरात आवाज करू लागतं. ट्रॅक्टरची बॅटरी आधी सोडवायची.

हात

आर्ककडे बघू नका, त्याच्या मागच्या तळ्याकडे बघा. नवीन मुलाला हे सांगून कळत नाही, काचेतून दाखवावं लागतं. तळ्यात दोन गोष्टी असतात. वितळलेलं लोखंड उजळ आणि शांत, तर त्याच्या मागे रेंगाळणारा, वळवळणारा, थोडा वेगळ्या छटेचा स्लॅग. स्लॅग मागे राहिला पाहिजे. तो पुढे पळू लागला की करंट कमी आहे, रॉडचा कोन चुकलाय किंवा तुम्ही फार हळू चाललाय. तसंच पुढे गेलात तर स्लॅग जोडाच्या पोटात अडकतो.

आर्कची लांबी रॉडच्या तारेच्या जाडीएवढी, १० नंबरला सुमारे ३ मिलिमीटर. ७०१८ला त्याहूनही कमी, जवळजवळ टेकवूनच. आर्क लांबला की व्होल्टेज वाढतं, ठिणग्या उडतात, हवा आत शिरते. रॉड जळताना आखूड होत जातो, त्याबरोबर हात खाली न्यायचा हेच नवशिक्याच्या लक्षात राहत नाही. रॉड चालीच्या दिशेने १०-२० अंश कलवून ओढत न्यायचा. कडेला खाच पडत असेल तर करंट जास्त, आर्क लांब किंवा वेग जास्त. जोड वर फुगून बसत असेल तर बरोबर उलट.

थांबून पुन्हा सुरू करताना आधी स्लॅग पूर्ण काढा. नवा रॉड जुन्या खड्ड्याच्या १० मिलिमीटर पुढे पेटवा, मागे येऊन खड्डा भरा आणि मग पुढे चला. पेटवताना होणारी भोकं अशी पुन्हा वितळून जातात. शेवटी रॉड झटक्यात उचलू नका, क्षणभर थांबून खड्डा भरून घ्या, तडे तिथूनच निघतात.

उभा जोड खालून वर. वितळलेल्या लोखंडाची पायरी बांधत जायचं, दोन्ही कडांना क्षणभर थांबायचं आणि मधून पटकन जायचं. वरून खाली ओढलेला ६०१३चा जोड दिसतो सुंदर, पण खोल जात नाही. १.६ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपला तो चालतो, खांबाला नाही. पातळ पाइपला २.५ मिलिमीटरचा ६०१३, डीसीवर रॉड मायनसला, ५५ ते ६५ अँपियर. फट ठेवू नका. फट भरायला टुकटुक करत, एकेक ठिपका देत जाणं ही गेटवाल्यांची जुनी सवय आहे. प्रत्येक टुकीला स्लॅग आत राहतो, आणि दोन पावसाळ्यांत तिथून गंज बाहेर येतो.

चौकट वाकते, कारण जोड निवताना आखडतो. चारही कोपऱ्यांना आधी टाके (छोटे, तात्पुरते जोड) मारा, कर्ण मोजून जुळवा, मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने करा. एका बाजूने सुरू करून गोल फिरत आलात तर शेवटचा कोपरा जुळत नाही.

कोपऱ्याचा जोड त्रिकोणी असतो. प्लेटला चिकटलेली त्याची बाजू म्हणजे पाय, आणि कोपऱ्यापासून जोडाच्या तोंडापर्यंतची जाडी म्हणजे गळा. जोडाची ताकद गळ्यावर ठरते, आणि गळा पायाच्या ०.७ पट. ६ मिलिमीटरचा पाय म्हणजे ४.२ मिलिमीटरचा गळा. गिऱ्हाईक म्हणतं "अजून एक फेरा मारा, मजबूत होईल", आणि ६चा पाय ८चा होतो. गळा वाढतो एक तृतीयांश, पण रॉड जातो पावणेदोन पटींनी, आणि वाकणंही वाढतं. ६ मिलिमीटरच्या प्लेटला ६चा पाय खूप झाला.

डोळे आणि छातीबद्दल थोडक्यात. ८० ते १७५ अँपियरला ११ नंबरची काच, त्याखाली १०. उघड्या डोळ्यांनी टाके मारणाऱ्याच्या डोळ्यात त्याच रात्री वाळू टोचते. बटाट्याचे काप ठेवण्यापेक्षा डॉक्टरकडे जावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१७मध्ये वेल्डिंगचा धूर निश्चित कर्करोगकारक गटात टाकला. गूळ खाऊन तो छातीतून निघत नाही. पंखा बाजूने लावा, डोकं धुराच्या वाटेत ठेवू नका. जीआय पाइपचं जस्त जोडापासून दोन-दोन इंच घासून काढा, नाहीतर रात्री थंडीताप येतो. जुना ड्रम किंवा डिझेलची टाकी, रिकामी दिसली तरी, वेल्डिंगला घेऊ नका. आतली वाफ स्फोट घडवते. पावसाळ्यात ओले हातमोजे बदला, होल्डरवर रिकामे ७०-८० व्होल्ट असतात आणि घामेजल्या अंगाला तेवढे पुरतात.

शेतातून आलेलं लोखंड

गेटचं लोखंड लोहामंडीतून आणलेलं असतं. ते आयएस २०६२ या भारतीय मानकाचं असेल तर कार्बन ०.२३ टक्क्यांच्या आत, आणि ते डोळे झाकून वेल्ड होतं. शेतातून आलेल्या तुकड्याची जात कुणालाच माहीत नसते. ग्राइंडरवर टेकवून ठिणग्या बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, कमी फुटणाऱ्या. कार्बन जास्त असेल तर त्या जवळच फुटतात आणि भरपूर फुलं पडतात. कानशीने घासून बघा, ती घसरली तर तुकडा कडक आहे. अशा तुकड्याला २०० ते ३०० अंशांपर्यंत आधी तापवून, कोरड्या ७०१८ने जोडून, मग कोरड्या राखेत किंवा चुन्यात गाडून हळू निवू द्यावं लागतं. पाणी ओतायचं नाही.

कास्ट आयर्नचं घर (यंत्राचं बाहेरचं कवच) तडकलं असेल तर ७०१८ही नको. निकेलचा रॉड लागतो, महाग आहे, पण लागतो. तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडायचं म्हणजे तो पुढे पळत नाही. इंचभराचे तुकडे भरायचे, प्रत्येक तुकडा गरम असतानाच हलक्या हाताने ठोकायचा आणि हात लावता येईल एवढा निवला की पुढचा.

ट्रॉलीचा पाटा (स्प्रिंगची पट्टी) मात्र वेल्डिंगला घेऊ नये. स्प्रिंग पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो, आणि त्याची लवचीकता पाणी देऊन, पुन्हा तापवून आलेली असते. वेल्डिंगने ती त्या जागी जाते. जोड टिकला तरी शेजारचा भाग तुटतो, आणि तो तुटतो भरलेल्या ट्रॉलीखाली. शेतकरी म्हणेल, "काका, मंडीपर्यंत तरी चालेल एवढं करून द्या." त्याला नवीन पाटाच घ्यायला सांगायचं, आणि बसवून द्यायची मजुरी तेवढी घ्यायची.